रोज एक सूत

घरात आला की तो आधी टाच आपटायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. चपला दाराबाहेर काढायच्या, खोलीच्या मधोमध उभं राहून लाकडी जमिनीवर टाच आपटायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग म्हणायचा, "जीव हाय अजून." आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो.

ही नव्वदनंतरची गोष्ट. नाशकात भद्रकालीत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. जमीन फळ्यांची, खाली सागाच्या कड्या, आणि त्या मधोमध इतक्या वाकल्या होत्या की ताटातलं वरण एका कडेला जमायचं. मालक खिळासुद्धा ठोकत नव्हता. घर पडलं की भाडेकरू आपोआप उठतात, एवढं साधं त्याचं गणित. आम्हाला जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आम्हीच मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने खालच्या बिऱ्हाडात ट्रकचा जॅक ठेवला, त्यावर वासा उभा केला आणि कड्या वर रेटायला लागला. रोज फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी घाई केली की चिडायचा. "एक सूत. आज बास. लाकूड घाबरलं की मोडतं."

दांडा फिरवताना तो दर फेरीला मालकाला एक शिवी द्यायचा, हलक्या आवाजात, जप केल्यासारखी. खालच्या काकूंनी त्याला देवपूजेपुरतं तरी थांबायला सांगितलं. तो थांबला, आणि आरती झाल्यावर राहिलेल्या शिव्या एकदम उरकून घेतल्या.

कारण कळायला मला दोन महिने लागले. पूर्वी तो याच मालकाच्या दुसऱ्या घरात राहायचा. मालकाने फुटकी कौलं बदलली नाहीत, पाणी मुरलं, कड्या कुजल्या आणि एका दुपारी मजला खाली बसला. माणसं वाचली. बायको कळवणला माहेरी गेली. खोली बघा, मी येते, म्हणाली. त्याने खोली बघितलीच नाही. लाकडाच्या वखारीत राहिला आणि हे काम शिकला.

"तवा मला हे येत नव्हतं, भाऊ," तो म्हणाला. "आता त्याचं एक घर पडू देणार नाय."

मला त्याची भीती वाटली आणि, खरं सांगतो, आनंदही झाला. माझ्याही मनात तेच होतं, फक्त मला जॅक चालवता येत नव्हता.

कड्या सरळ झाल्या, कुजक्या टोकांना नवे जोड बसले. घर धोकादायक ठरवून घ्यायला मालक महापालिकेच्या एका साहेबाला घेऊन आला. साहेब फळ्यांवर उड्या मारून बघत होता, शेजारचे दहा-बाराजण आत उभे होते, आणि मालक उंबऱ्यातच. स्वतःच्या जमिनीवर पाय टाकायची त्याची छाती होईना. मिस्त्रीने चहाचा कप उंबऱ्यापर्यंत नेऊन दिला. "उभ्यानेच प्या मग, शेठ." तुम्ही तेव्हा त्याचा चेहरा पाहायला हवा होता.

पुढची दहा-बारा वर्षं तो त्या मालकाचीच घरं धरून बसला. देवळाली कॅम्पची चांगली कामं यायची, तो नाही म्हणायचा. कळवणहून निरोप यायचे, तो पुढच्या महिन्याचं सांगायचा.

मग तो गेला. दहाव्याला आम्ही चार घरांचे भाडेकरू गोदेवर जमलो. चारही घरं त्या मालकाची, चारही उभी. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. म्हणजे काहीतरी इच्छा राहिली असणार. कळवणहून आलेली त्याची बायको पुढे झाली, हात जोडून म्हणाली, "माझी काळजी करू नका. माझं बरं चाललंय." कावळा भिंतीवरून हलला नाही.

शेवटी खालच्या काकू म्हणाल्या, "मिस्त्री, आम्ही कुणी घर सोडणार नाही. त्या मालकाला एकही मिळणार नाही."

कावळा उतरला आणि शिवला. आम्ही सगळे हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याची बायको तेवढी हसली नाही.