नातेवाईकाच्या रकान्यातली जाऊ

डाक्टरनं रिपोर्ट वाचला आन् आधी इचारलं, "बाई, संगं कोणी आहे का?" तवाच मले संशय आला. चांगली गोष्ट असली तं संगं कोण आहे ते कोणी इचारत नाही.

"क्रॉनिक किडनी डिसीज," तो म्हणला. म्हणजे दोन्ही किडन्या हळूहळू बंद पडून राह्यल्या. पायावर सूज होती, पण मी समजली, वांग्याले पाणी देता देता चिखलात उभं राहून आली असंल. मी दुसऱ्या गावी जाऊन रक्त तपासलं. तिथंही तेच. मंग वाटलं, दोघं मिळाले असतील! असा माहा सभाव.

शेवटी दम लागून आडवं होता येईना, तवा सरकारी दवाखान्यात डायलिसिस सुरू केलं. म्हणजे मशीन रक्त बाहीर काढते, धुते, परत आंगात सोडते. चार घंटे, हप्त्यातून दोनदा. त्यासाठी हातावर फिस्टुला केला, दोन नसा जोडून एक जाडी नस. बोट ठेवलं का मांजर गुरगुरल्यावाणी लागते. कामरगावहून जीपनं एकटीच जायची, एकटीच यायची. मालक वारले, पोरगी लगन होऊन लांब.

मंग आमच्या आमदारसाह्यबानं सुधारणा आणली. माणूस जुन्या वळणाचा, कपाळावर गंध, बोलणं गोड. दवाखान्याच्या समितीत म्हणले, "सरकारनं कुठवर पुरावं? आपल्यात घरचं माणूस सेवा करतं, हेच आपलं वैभव." झालं. पेशंटसंगं घरचं माणूस नसंल तं मशीनवर घ्यायचं नाही, असा नियम लागला. नवीन नर्सा येणार होत्या, त्या आल्याच नाहीत. दाल में कुछ काला आहे, हे मले तवाच समजलं.

पहिल्याच दिवशी माह्या डोळ्यासमोर केनवडचे शामरावभाऊ डायलिसिस न होताच वापस गेले. त्याईले कोणी नाही. तोंड सुजलेलं. सिस्टर मले म्हणली, "मावशी, आज घेतलं, पण पुढच्या खेपेले तुमालेही नाही घेता येणार." डायलिसिस चुकलं का पाणी छातीत भरते. मी भेली. खरं सांगते, लय भेली.

बाजारात हे बोलली, तं इंझोरीची गोदाबाई म्हणे, "मी येते संगं." गोदा माह्या बाजूले भाजी लावते. बाजारातल्या बसाच्या जागेवरून सात वर्सं आमचं बोलणं नव्हतं. मी किती दिवसाची सोबती, ते पाह्याले येत असंल, दुसरं काय! पण गरजवंताले अक्कल नसते. मी हो म्हणलं. रजिस्टरमधी नात्याच्या रकान्यात तिनं बिनधास्त सांगितलं, "जाऊ."

नेमके त्याच दिवशी साह्यब पाहणीले आले. रजिस्टर पाह्यलं, गोदाकडं पाह्यलं.

"तुम्ही इंझोरीच्या, या कामरगावच्या. जाऊ कशा? मालकाचं नाव सांगा."

माह्या हाताले सुया टोचलेल्या, हलता येईना. आता मशीन बंद करतात का काय!

गोदानं डोक्यावर पदर ओढला. "साह्यब, मालकाचं नाव कसं घेऊ? आमच्यात बाया घेत नाही."

"मग यांच्या मालकांचं सांगा."

"अगाई! ते तं माहे भासरे, मालकाचे मोठे भाऊ! त्याईचं तं मुळीच नाही. तुमीच म्हणता ना, आपली रीत सोडू नोका?"

सिस्टर भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली. साह्यबानं पेन खिशात ठेवलं आन् पुढच्या खाटेकडं गेले. पुढं एका सभेत म्हणले, "पाहा, माझ्या धोरणानं घरं जुळली!" त्याईले तवाच समजलं होतं का नाही, हा माहा संशय अजून गेला नाही.

गोदा अजून येते. तेवढे दिवस तिची भाजी लागत नाही. एकदा मी इचारलं, "खरं सांग, तू काहून येतं व?"

"तू मेली तं भांडू कोणासंगं?"

मले रडू आलं. तिनं पाह्यलं नाही असं केलं.

तुमच्या पायावर सूज आली तं चिखलावर ढकलू नोका, रक्त तपासा. डाक्टरवर संशय घ्या, आमदारावर तं घ्याच. पण संगं येतो म्हणणाऱ्या माणसाले परत पाठवू नोका.

बुधवारी माही पाळी नसते, शामरावभाऊची असते. त्या दिवशी फिस्टुल्याचा हात पदराखाली घेऊन मी त्याईच्या खाटेजवळ बसते. पहिल्यांदा गेली, तवा मले दर खेपेले सुई टोचणारी तीच सिस्टर रजिस्टर घेऊन आली.

"नातं?"

"बहीण."

तिनं माह्याकडं पाह्यलं, आन् लिहिलं.