आमच्या घरची पाठ

सकाळी अंथरुणातून उठणं हे माझ्यासाठी एक कामच आहे. त्यामानानं कचेरीतलं काम सोपं. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग पलंगाची कड धरून उभं राहायचं आणि कंबर सुटेपर्यंत अंगणात येरझारा घालायच्या. शेजाऱ्यांना वाटतं मी तब्येत कमावतोय. 'साहेब लई लवकर उठता,' म्हणतात. साहेब कसला, मी कारकून. आणि लवकर उठतो कारण पडून राहिलं की जास्त दुखतं. हे सांगून सांगून कंटाळलो. दुखणं म्हटलं की लोकांना आराम आठवतो, आणि या दुखण्याला आरामच सोसत नाही.

उपाय सांगणारे तर पावलोपावली भेटतात. निर्गुडीचा शेक घ्या, एरंडाचं पान बांधा, वांगं सोडा. हिंगोलीत राहणाऱ्या माणसाला रस्त्यात थांबवून 'दुधात हळद घेत जा' म्हणणारेही आहेत. जसं काही या हळदीच्या मुलखात हळद कुणी पाहिलीच नाही. मी बरं म्हणतो आणि पुढं चालू लागतो.

आमचं मूळ घर नरसीच्या पुढच्या एका खेड्यात. तिथल्या महादेवाची पूजा पिढ्यान् पिढ्या आमच्याकडं आहे. गाभारा चार पायऱ्या खाली आणि दार इतकं बुटकं की कमरेत वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. माझे आजोबा चाळिशीतच वाकले होते. वडील, म्हणजे आमचे आण्णा, तेही तसेच. गावाला त्याचं फार कौतुक. 'देवापुढं वाकून वाकून पाठ तशीच राहिली,' असं लोक म्हणायचे, आणि आण्णांच्या पाया पडून झालं की त्यांच्या पाठीलाही हात लावून तो कपाळाला लावायचे. आण्णांनी कधी नको म्हटलं नाही. का म्हणतील? आम्हाला गावात मान होता तो त्या पाठीमुळंच.

म्हणून माझी कंबर धरायला लागली तेव्हा घरात कुणीच घाबरलं नाही. सुट्टीच्या दिवशी पूजा मी करायचो. 'लागली सेवा अंगाला,' आण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. मी काही वर्षं मलम चोळत, गोळ्या खात काढली. मग एकदा डोळा लालभडक झाला, उजेड सोसवेना. हिंगोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा तपासता तपासता विचारलं, 'सकाळी कंबर आखडते का?' हा माणूस डॉक्टर आहे की ज्योतिषी, मला कळेना. त्यांनीच मला नांदेडला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं धाडलं.

बाईंनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि शांतपणे समजावून सांगितलं. कणा जिथं कमरेच्या हाडाला मिळतो तिथले सांधे सुजले होते. अंगात राखणीची एक ताकद असते. बाहेरून आलेल्या रोगाशी लढायचं तिचं काम. ती वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांवर उलटते, कधी डोळ्यावरही. सूज वर्षानुवर्षं राहिली की त्या जागी हाड भरत जातं, मणके एकमेकांना धरतात, आणि वाकलेली पाठ मग सरळ होत नाही. 'म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं,' मी म्हणालो. त्या हसल्या. मग म्हणाल्या, 'हे काही घराण्यांत उतरतं. सगळ्यांनाच होतं असं नाही. तुमच्या घरी आणखी कुणाला आहे?' मी आजोबांपासून सुरुवात केली.

औषध आणि व्यायाम, दोन्ही जन्माचे सोबती झाले. गावी जाऊन आण्णांना सांगितलं तर ते भडकले. 'रोग म्हणतो व्हय माझ्या बापाच्या पाठीला? डॉक्टरला देवाचं काय कळतंय?' मी वाद घातला नाही. रोज दुखणाऱ्या माणसाकडं भांडायला काही उरत नाही.

विषय तिथंच राहिला असता. पण माझी धाकटी बहीण कनेरगाव नाक्याला दिली आहे, आणि तिच्या सासूचा फोन आला. पोरगी आळशी आहे, सकाळी उठत नाही, दोन वर्षं सांगून थकलो. येऊन घेऊन जा.

मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, 'दादा, सकाळी कंबर लाकडावानी व्हती. उठून काम कराया लागलं का सुटती. कुणाला सांगू?' हे सगळं मला पाठ होतं. मी गावी गेलो आणि आण्णांसमोर बसून एवढंच विचारलं, 'आण्णा, आपल्या घरातल्या बायका गाभाऱ्यात उतरत नाहीत. मग ही कुठं वाकली देवापुढं?'

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून आण्णांनी टोपी घातली आणि म्हणाले, 'चल.'

कनेरगावला सासूबाईंनी चहाआधीच पाढा सुरू केला. 'ताप न्हाई, सूज न्हाई. सकाळी कमरेला हात लावून बसती, अन् दुपारी बघावं तर भरल्या घागरी घेऊन चालती. असं कोणतं दुखणं असतंय, तुमीच सांगा.' मला हसावं की रडावं कळेना. नांदेडच्या बाईंना याहून नेमकं सांगता आलं नसतं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण आण्णांनी हातानंच थांबवलं. 'असंच असतंय, विहीणबाई. तरणा होतो तवा माझंबी असंच व्हतं. माझ्या बापाचंबी. ही तकलीफ आमच्या घरची हाय. पोरीचा कसूर न्हाई.'

'मग लग्नाआधी काहून न्हाई सांगितलं?'

प्रश्न बराबर होता.

'आमालाच ठाऊक न्हवतं,' आण्णा म्हणाले. 'आमी त्याला सेवा समजून राहिलो होतो.'

मला त्यांची फार दया आली. सत्तरीच्या माणसानं परक्याच्या ओसरीवर बसून आपल्या बापाच्या पाठीचा मानसुद्धा सोडून दिला होता. सासऱ्यांनी नांदेडच्या दवाखान्याचा पत्ता विचारला, आणि मी तो सांगू लागलो.

बहीण आण्णांच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचं ताट तसंच. 'म्हंजे मी आळशी न्हाई ना, आण्णा?' तिनं विचारलं.

आण्णांना नुसती मान वळवता येत नाही. ते भिंतीला धरून उठले, अख्खेच्या अख्खे तिच्याकडं वळले आणि म्हणाले, 'न्हाई माय. न्हाई.'