गुंत्याचं कपाट आणि आमचे हे

आमचे हे घरात एक नंबरचे अव्यवस्थित. एक मोजा या खोलीत, त्याचा जोडीदार त्या खोलीत. अशा माणसाने अर्ध्या शहराच्या इंटरनेटची घडी बसवली असं कोणी सांगितलं असतं, तर मी पोट धरून हसले असते. पण ते खरं आहे, म्हणून सांगते.

यांची नोकरी केबल कंपनीत. काचेच्या, केसाएवढ्या बारीक तारा. त्यांतून उजेड धावतो आणि लोकांचं इंटरनेट चालतं. या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात, त्या खोलीत एक उंच लोखंडी कपाट आहे. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा ते मी उघडं पाहिलं. आत पिवळ्या वायरींचं नुसतं रान माजलेलं. जो येई तो आपली वायर कोंबून जाई आणि उरलेली लांबी बाकीच्यांच्या अंगावर टाकून देई. एकाचं कनेक्शन दुरुस्त करायला हात घातला की शेजारची दोन बंद. करायला गेलो एक अन् झालं भलतंच, हे तिथे रोजचंच. त्या गुंत्यात कशालाही धक्का न लावता जायचा तो फक्त यांचा हात. त्यामुळे आम्ही सिनेमाला असो की कोणाच्या लग्नात, फोन आलाच म्हणून समजा. हे भरल्या ताटावरून उठत. वरून कुरकुर, पण आतून गुदगुल्या. बायकोला का कळत नाही?

मग यांचा उजवा हात थरथरू लागला. चहाचा कप ठेवताना वाजायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण पूर्ण जाणार नाही. ऑफिसात यांनी अवाक्षर काढलं नाही, हात खिशात घालून वावरत. कळलं तर कपाटाला हात लावू देणार नाहीत, जन्मभर केलेलं काम जाईल. आणि लपवून काम करावं, तर त्याच कपाटातून मोठ्या इस्पितळाची लाइन गेलेली. इकडे आड, तिकडे विहीर. मी सांगून थकले की साहेब लोकांना सांगून टाका. ऐकतील तर ते आमचे हे कसले!

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर पत्र्याचे तुकडे पसरलेले दिसले.

"अहो, आता हे काय?"

"खण करतोय."

कल्पना तशी साधी होती. एका इमारतीच्या तारा एका उथळ खणात. जास्तीची लांबी त्याच खणात गुंडाळून ठेवायची. खण आपला आपण पुढे सरकतो, वरच्या-खालच्या खणांना पत्ताही लागत नाही. बिघडला तर तेवढाच काढायचा आणि दुसरा बसवायचा. टेबल अडलेलं, त्यामुळे आम्ही कितीतरी दिवस मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

पहिला खण इतका देखणा झाला की मी थक्कच झाले. माझ्या शिवणाच्या डब्यातली रिकामी रिळं बसवून त्यांभोवती तार गुंडाळली होती, एक पदर इकडचा तिकडे नाही. ऑफिसात जोडून पाहिला, तर पलीकडे उजेड जेमतेम पोचला. तार कुठेच तुटली नव्हती. वळण फार घट्ट होतं. काचेची तार अशी आवळली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. "हे नवख्याला मी शिकवतो, आणि स्वतःच विसरलो!" हे कपाळावर हात मारून घेत म्हणाले. जन्मात एकदा नीटनेटकेपणा करायला गेले आणि तोच नडला, हे बोलून दाखवल्याशिवाय मला राहवलं नाही. दुसऱ्या खणात वळण वाटीच्या तोंडाएवढं ऐसपैस ठेवलं. तो चालला.

यांच्या वरच्या इंजिनिअर मॅडमना खण पसंत पडला. त्यांनी सगळं कपाटच तसं करून घेतलं. आता एकच परीक्षा उरली: सगळं चालू असताना इस्पितळाच्या शेजारचा खण बाहेर काढून परत बसवायचा. पुढचं मला लंबूने सांगितलं. लंबू म्हणजे यांच्याबरोबर काम करणारा. माणूस लाखमोलाचा, पण असा धसमुसळा की कुलूप उघडायला दिलं तर किल्ली मोडून आणेल.

मॅडम म्हणाल्या, "दादा, काढा."

हे पुढे झाले. हात उचलला आणि खाली घेतला. "मी नाही. लंबू काढेल."

"मी? दादा, काहीतरीच काय!" लंबू मागे सरकला.

"तूच. मॅडम, माझा हात थरथरतो. बरेच दिवस लपवलं, चुकलंच माझं. त्या गुंत्यात हात घालत राहिलो असतो तर एखाद्या दिवशी इस्पितळ बंद पाडलं असतं मी. म्हणून हे खण केले. लंबूला जमलं तर कोणालाही जमेल."

लंबूने खण ओढला, तोही कडेला आपटतच, आणि परत बसवला. इस्पितळाच्या लाइनचा हिरवा दिवा जळतच राहिला.

"वहिनी, मलाच रडू आलं," लंबू म्हणाला, "आणि दादा माझ्या पाठीवर थाप मारून हसत होते."

घरी आले तेव्हा हसत नव्हते. मॅडम चांगल्या वागल्या होत्या. कंपनीच्या दुसऱ्या केंद्रांतल्या कपाटांसाठीही असेच खण करायचे, असं बसून करायचं काम त्यांनी दिलं. तारा जोडायच्या अवजारांची पेटी मात्र जमा करून घेतली. हे बूट न काढताच खुर्चीत बसले.

"आता ते कपाट कोणीही उघडेल," हे म्हणाले.

हे ऐकायला मी वर्षानुवर्षं टपून बसले होते. 'सुटले एकदाची' असं म्हणायचं ठरवूनही ठेवलं होतं. पण मी खाली वाकून यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. यांचा हात मांडीवर थरथरत होता, आणि तो खिशात घालायचं आज यांना सुचलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि तो माझ्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ तो थांबला नाही. मीही सोडला नाही.