आधी पत्र, मग पैसे

"हे चार्जेस सिस्टिमने लावलेत मॅडम, आम्ही नाही," ब्रँच मॅनेजर म्हणाले आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांनी जरासा माझ्याकडे वळवला. सिस्टिम आत बसली आहे, तिच्याशी तुम्हीच काय ते बोलून घ्या, असा एकंदर आविर्भाव.

वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मुंबईत एका बँकेत मी तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ ग्राहक तक्रार विभागात. हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. निवृत्तीनंतर मालवणला आले. इथे एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात मला एक टेबल मिळालं आहे. लोक बँकेचे कागद घेऊन येतात, मी ते समजावून सांगते, लागला तर अर्ज लिहून देते. फी माफक. चहा त्यांचा.

त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत भिवा बसला होता. वय साठीच्या आसपास, आचऱ्याकडचा, रापणीचा हिशोबनीस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांना माणसं लागून वाळूवर ओढून घेतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. भिवाच्या रापणीत बेचाळीस वाटेकरी. शिवाय एक वाटा खुद्द जाळ्याचा. त्यातून दोर, दुरुस्ती वगैरे होतं. जाळ्याच्या वाट्याचे पैसे बँकेत, आणि ते सेव्हिंग खातं भिवाच्या एकट्याच्या नावावर. माणूस विश्वासाचा, म्हणून.

या रापणीची एक जुनी रीत आहे. मे अखेरीस हंगाम संपला की खात्यात उरलेले सगळे पैसे काढून वाटून टाकायचे. हिशोबनिसाकडे पावसाळाभर पैसा ठेवायचा नाही. ठेवला तर त्यालाही मोह आणि इतरांनाही संशय. रीत शहाणपणाची आहे, फक्त ती बँकेला ठाऊक नव्हती. जून ते सप्टेंबर खातं कोरडं. मिनिमम बॅलन्स नाही म्हणून बँक दर महिन्याला पाचशे नव्वद रुपये चार्ज मांडून ठेवायची आणि ऑक्टोबरात पहिला भरणा झाला की चार महिन्यांचे एकदम वळते करून घ्यायची. दोन हजार तीनशे साठ. असं तीन वर्षं चाललं. सात हजार ऐंशी झाले.

पहिल्या वर्षी मेमध्ये वही आणि बँक जुळेना. भिवाला वाटलं, आपलीच बेरीज चुकली. तो सातवी शिकलेला, आणि त्याची त्याला लाज. कोणाला न सांगता त्याने घरातले दोन हजार तीनशे साठ खात्यात भरले आणि वाटप पुरं केलं. दुसऱ्या वर्षीही तेच. बँकेत विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मला याचा राग आला होता आणि मी तो त्याला बोलूनही दाखवला.

तिसऱ्या वर्षी सुरेश नावाच्या एका वाटेकऱ्याने पासबुक छापून आणलं. चारचौघांत वाचलं. ऑक्टोबरात पैसे काढलेले, मेमध्ये तेवढेच परत भरलेले. पुन्हा ऑक्टोबरात काढलेले, मेमध्ये भरलेले. तिसऱ्यांदा काढलेले, अजून भरायचे आहेत. पुढे इंग्रजी अक्षरांचं आखूड कोडं होतं, ते कोणाला लागलं नाही. त्याची गरजही वाटली नाही. भिवा रापणीचे पैसे वापरतो आणि ओरड होण्याआधी परत टाकतो, हा अर्थ कोणीही काढला असता. मीही काढला असता.

नारळी पौर्णिमेआधी रापणीची बैठक असते. तोवर खुलासा नाही झाला तर देवळात कौल लावायचा, असं ठरलं. कौल म्हणजे देवाला प्रश्न घालून मूर्तीला पाकळ्या लावतात. ज्या बाजूची पाकळी आधी पडेल, तो देवाचा निकाल.

"तुझा देवावर विश्वास नाही का?" मी त्याला विचारलं होतं.

"देवार आसा, मॅडमनू," तो म्हणाला. "पाकळेर नाय."

तर मॅनेजरांसमोर आम्ही लेखी अर्ज ठेवला. नियम सोपा आहे. बॅलन्स कमी झाला तर बँकेने ग्राहकाला आधी कळवायचं, महिनाभराची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे भरले नाहीत तरच चार्ज लावायचा. न कळवता कापलेले परत मागता येतात. मी अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली. क्लार्क म्हणाली, शिक्का साहेबांकडे. साहेब म्हणाले, ठेवून जा, बघतो. मी म्हटलं, मी बसते. शिक्का मिळाला.

नऊ दिवसांनी पत्र आलं: तक्रार नोंदवली आहे. पुढच्या आठवड्यात दुसरं: संबंधित विभागाकडे पाठवली आहे. ही पत्रं कशी तयार होतात ते मला माहीत आहे. उत्तर दिलं असं दिसावं आणि उत्तर देऊ नये, यासाठी आमच्याकडे चार नमुने होते. त्यातले दोन मी स्वतः लिहिलेले. मग काहीच येईना म्हणून आम्ही पुन्हा ब्रँचमध्ये गेलो. मॅनेजरांनी पाहून सांगितलं की तक्रार बंद झाली आहे.

"उत्तर यांच्या रजिस्टर्ड मोबाइलवर गेलंय. पूर्वी बॅलन्सचे एसेमेसही वेळच्या वेळी गेलेत. रेकॉर्ड आहे."

"कुठल्या नंबरवर?"

त्यांनी नंबर वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. मी उठून पडद्यावर पाहिलं. दहाच्या दहा आकडे नऊ होते.

याचं कारण मला विचारावं लागलं नाही. खातं उघडलं तेव्हा भिवाकडे मोबाइल नव्हता. नंबरचा रकाना रिकामा ठेवला तर सिस्टिम पुढे सरकत नाही. काउंटरवर गर्दी असली की कोणीतरी नऊचं बटण दाबून धरतं. तीन वर्षं बँकेने सूचना पाठवल्या, त्या नऊच्या पाढ्याला. मी त्या पानाचं प्रिंट मागितलं. मॅनेजर बरेच ओशाळले होते, त्यांनी ते दिलं.

वर त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, वाढवू नका. स्पेशल केस म्हणून पूर्ण रक्कम आजच खात्यात टाकतो. यांनी फक्त समाधान झाल्याची सही करावी."

मला मनातून बरं वाटलं. चौथ्या आठवड्यात पूर्ण रक्कम, बँकांच्या लोकपालाकडे न जाता. आमच्या धंद्यात याला जिंकणं म्हणतात. मी पेन भिवापुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.

"पैसे नको माका."

"अरे, पूर्ण देतायत."

"मॅडमनू, ह्ये पैसे खात्यात इले की सुरेश परत पासबुक छापतलो. काय दिसतला? सात हजार भरले. म्हणतले, पकडल्यार भरल्यान."

मी पेन परत घेतलं. नऊ वर्षांत मी शेकडो चार्जेस 'स्पेशल केस' म्हणून माफ केले असतील. कारण लिहायचं नाही, हा आमचा नियम, कारण लिहिलं तर चूक कबूल होते. ज्यांना पैसे मिळाले ते खूश आहेत असं मी धरून चालत होते. त्यांना घरी जाऊन कोणाला काय सांगावं लागलं असेल, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा आला आणि मला वाईट वाटलं.

मग आम्ही पत्र मागितलं. बँकेच्या लेटरहेडवर: हे पैसे ग्राहकाने काढलेले नाहीत, बँकेने पूर्वसूचनेशिवाय कापले होते, आता परत करत आहोत. पैसे द्यायला तयार असलेले मॅनेजर पत्राला मात्र तयार होईनात. अधिकार हेड ऑफिसला, म्हणाले. हेड ऑफिसने प्रकरण तपासात आहे असं कळवलं. मग तेच पुन्हा कळवलं, फक्त सही बदलली. तक्रारीला तीस दिवस उलटले की बँकांच्या लोकपालाकडे जाता येतं. ही बँकेच्या वरची जागा, फी नाही, वकील नाही. एकतिसाव्या दिवशी मी अर्ज केला. सोबत शिक्क्याची प्रत आणि दहा नवांचं ते प्रिंट जोडलं.

मधल्या दिवसांत भिवा दर मंगळवारी येऊन बसायचा. गावात लोक बोलत होते, पण तो आला की गप्प व्हायचे, एवढंच त्याने एकदा सांगितलं.

पत्र बावन्नाव्या दिवशी आलं. साडेचार ओळी, मागितलं होतं तसं. पैसेही त्याच दिवशी जमा झाले.

बैठकीत पत्र मीच वाचून दाखवलं आणि त्याचा अर्थ सांगितला. ऑक्टोबरात पैसे बँकेने काढले, आणि मेमध्ये भिवाने घरातले भरले. परत आलेल्यातले चार हजार सातशे वीस त्याचे स्वतःचे आहेत, हेही सांगितलं, कारण तो सांगणार नव्हता. सुरेशने पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं, घडी करून परत दिलं. भिवाचे पैसे त्याला द्यायचं ठरलं. कौलाचा विषय निघालाच नाही. मग होडीचे म्होरके, एक म्हातारे तांडेल म्हणाले, "मगे येत्या हंगामाक भिवाच वही सांभाळतलो."

सगळ्यांनी माना हलवल्या. भिवाने पिशवीतून वही काढली आणि सुरेशपुढे ठेवली.

"आता तू धर," तो म्हणाला. "मी दोर ओढतलंय."

त्यांनी बराच आग्रह केला. सुरेशने तर हात धरला. भिवा चिडलेला नव्हता, पण त्याने वही काही परत घेतली नाही.

तेव्हापासून माझ्याकडे चार्जेसची तक्रार घेऊन कोणी आलं की मी दोन गोष्टी सांगते. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आणि रकमेबरोबर ती का कापली याचं कारण लेखी मागा, तेही पहिल्याच दिवशी. आम्ही ते चौथ्या आठवड्यात मागितलं. तोवर भिवाचं मन त्या वहीवरून उडालं होतं.