फिल्टर कुणी काढला

"तिथंच थांब," मालकांच्या आई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात. एक पाय उचललेला. हातात पाण्याचा फिल्टर. मी तयार केलेला पहिला नमुना, वर्षभर त्याच्यामागं होते. कारखान्याचे मालकच म्हणाले होते, "बरकतपुऱ्याला घरी घेऊन चल. आईला वापरून बघू दे."

आईंनी आधी आडनाव विचारलं. मग वडील काय करतात ते.

"काचीगुडा स्टेशनासमोर चपला शिवतात."

त्यानंतर ते "तिथंच थांब."

मोलकरणीनं फिल्टर माझ्या हातातून घेतला नाही. खाली ठेवायला लावला. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, मग उचलला. मालक शेजारीच उभे. घड्याळाकडं बघत. मला नळ दाखवायचा होता. आखडलेल्या बोटांना जोर लागू नये म्हणून तो मी रुंद केला होता. मालकांच्या आईंची बोटं तशीच होती. मी दारातूनच सांगायला लागले, "नुसतं तळहातानं दाबा..." तोवर मोलकरीण फिल्टर आत घेऊन गेली होती.

इंडस्ट्रियल डिझायनर हा शब्द तेव्हा हैदराबादेत कुणाला ठाऊक नव्हता. कारखान्यात मला 'ड्रॉइंगवाली' म्हणायचे. बाजार नुकताच खुला झालेला. बाहेरच्या कंपन्यांचा चकचकीत माल दुकानांत यायला लागलेला. आपला माल आता कोण घेणार, म्हणून मालक धास्तावले आणि त्यांनी मला ठेवलं. शिष्यवृत्तीवर हे शिकून आलेली शहरात दुसरी कुणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या डीलर येतायत. बेगम बाजारचे, जुन्या वळणाचे लोक. फिल्टर माझ्या पुतण्यानं काढला असं सांगायचं. तू मागं बस."

"का, सर?"

"पाण्याची वस्तू आहे. समजून घे."

समजलं.

घरी बाबांना सांगितलं. ते माझ्याहून जास्त घाबरले. "नक्को बोलू बेटा काही. मोठी मानसं हायेत. हौ म्हण अन् गप बस." बोलताना त्यांनी दार लावून घेतलं. जणू मालक गल्लीत उभे होते. मीही तेच ठरवलं. ही नोकरी गेली तर ड्रॉइंगवालीला दुसरं कोण ठेवणार?

डीलर जमले. टेबलावर माझा फिल्टर. शेजारी पुतण्या. त्यानं तो त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिला होता.

एका डीलरनं विचारलं, "नल इत्ता चौड़ा कायकू रखे?"

पुतण्या हसला. "फॅशन है. आजकल ऐसाइच चल रहा."

फॅशन.

मी उठले. खुर्ची मागं आपटली, त्या आवाजानं मीच दचकले.

"फॅशन नहीं है. बूढ़े हाथां के वास्ते है. ये फिल्टर मैं बनाई. मेरे बाबा काचीगुडे में चपलां सीते."

एकानं त्या फिल्टरच्या पाण्याचा ग्लास ओठांपर्यंत नेला होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला. मालक दबक्या आवाजात मराठीत म्हणाले, "बाहेर जा."

गेले. जिन्यात कठडा धरून बसले.

नोकरी गेली. फिल्टर पुतण्याच्या नावावर बाजारात आला आणि खूप खपला. बाहेरच्या मालापुढं टिकला. मी कारखान्यामागून कारखाने पालथे घातले. आडनाव ऐकून काहींनी चहासुद्धा विचारला नाही. शेवटी पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं टेबल टाकलं. एका छोट्या कारखानदारानं कुकरच्या मुठीचं डिझाइन काढायला दिलं. मग पंखा. मग दवाखान्याची खाट. आता डिझाइनची पोरं माझ्याकडं शिकायला येतात.

पण नव्या केबिनबाहेर बसले की आजही तळहात भिजतात. कुणी विचारायच्या आत मीच आडनाव सांगते. वडिलांचं कामही. मग अट घालते. माझं नाव साच्यातच कोरायचं. प्रत्येक नगावर उमटलं पाहिजे. लेबल चालणार नाही, ते सोलून काढता येतं.

काहीजण तयार होतात. काहीजण हसतात, म्हणतात, "एवढं काय त्यात?"

मी ड्रॉइंग गुंडाळते. हात थरथरतात, ते त्यांना दिसतं. दिसू दे. ड्रॉइंग तिथं ठेवून मी निघत नाही.