आत्या ट्रक चालवत होती

बाबांचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेच्या व्हरांड्यात खिचडीचा तांदूळ निवडणाऱ्या बाईंशी बोलत उभी होते. साडेअकरा वाजले असतील. "अक्का गेली," एवढंच बाबा म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी विमलआत्या. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन वसमतला दोन खोल्यांत एकटी राहायची. रडू यायच्या आधी माझ्या तोंडून जे निघालं ते मला अजून आठवतं. मी विचारलं, "कॉम्प्युटर चालू होता का?" बाबा हळूच म्हणाले, "लवकर ये. आन् ते कॉम्प्युटरचं कुणाला बोलू नको."

तेव्हा मी बोलले नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमातही बोलले नाही. मंडपात एकेक जण उठत होता आणि विमलबाई सिस्टर किती त्यागी, किती सोशिक, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, असं सांगून खाली बसत होता. शेवट सगळ्यांचा एकच, की बुद्धवंदना करता करता शांतपणे गेल्या, असं मरण कुणाला मिळतं. हे बाबांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. मी मागच्या रांगेत पदर चावत बसले होते. आज सहा आठवडे झालेत आणि आता मी गप्प बसणार नाही. माझी आत्या वंदना करताना गेली नाही. वंदना तिची सकाळी सहालाच आटोपलेली असायची. ती गेली तेव्हा ट्रक चालवत होती. ट्रक पडद्यावरचा होता, खेळातला होता, हे खरं. पण हातातलं स्टिअरिंग खरं होतं, पायाखालचा ब्रेक खरा होता, आणि तो अख्खा कॉम्प्युटर तिने एकेक भाग स्वतः निवडून, स्वतःच्या हातांनी जोडून उभा केला होता. यात झाकून ठेवण्यासारखं काय आहे ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

तिची बहुतेक नोकरी वारंगा फाट्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात गेली. गावोगाव लसी टोचून झाल्या की फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेत बसची वाट पाहायची, आणि समोरून नागपूरकडे, हैदराबादकडे जाणारे ट्रक न्याहाळायची. बोट चेचलेले, अंगात ताप असलेले ड्रायव्हर तिला शोधत यायचे. त्यांची मलमपट्टी करता करता ती विचारून घ्यायची, घाटात गिअर कधी बदलता, भरल्या गाडीचा ब्रेक किती आधी दाबावा लागतो. विशीत असताना तिने आजोबांकडे हट्ट धरला होता, मला गाडी शिकवा. आजोबांनी शिकवलं ते बाबांना. बाबा पुढे कितीतरी वर्षं वसमत ते हट्टा काळीपिवळी जीप चालवायचे. आत्याने त्यांनाही एकदा म्हटलं होतं, तू तरी शिकव. बाबा हसले होते. हे मला आत्यानेच सांगितलं, कांदा चिरता चिरता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. नंतर नोकरी, भावांची शिक्षणं, आमची आजारपणं, त्यात ते राहूनच गेलं.

निवृत्तीनंतर एकदा मोबाइलवर तिच्यासमोर एक व्हिडिओ आपोआप आला. कुठल्या तरी देशातली पिकल्या केसांची बाई कॉम्प्युटरसमोर स्टिअरिंग धरून ट्रक चालवत होती. आत्याने मला फोन केला आणि असा कॉम्प्युटर कसा करतात ते विचारलं. कबूल करते, तेव्हा मीसुद्धा हसले. तिने माझं हसू संपू दिलं आणि म्हणाली, "हसून झालं का? मग आता सांग." मला काय कप्पाळ माहीत होतं... शाळेतला कॉम्प्युटर बंद पडला की मी त्याच्या डोक्यावर चापट मारते, एवढंच माझं ज्ञान.

मग तीच शिकली. घरात लसीकरणाचं एक कोरं जुनं रजिस्टर पडलेलं होतं, ते काढलं. बाळाच्या नावाच्या रकान्यात कॉम्प्युटरच्या भागाचं नाव, आईच्या नावाच्या रकान्यात त्याचं काम, आणि शेरा या रकान्यात कुणाचं कुणाशी जमतं, कुणाचं जमत नाही. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची जोडी जुळावी लागते हे तिला एका वाचनात कळलं. मला मात्र तिने दहादा समजावलं तरी कळेना, तेव्हा ती वैतागून म्हणाली की रक्तगट पाहिल्याशिवाय रक्त चढवतात का, तसंच हे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रं रंगवणारा भाग, तो कॅबिनेटच्या पेटीत मावेल का हे पाहायला तिने पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापला होता. महिनाभर तिच्या पर्समध्ये टेप आणि तो पुठ्ठा असायचा.

खरेदीला आम्ही दोघी नांदेडला गेलो. दुकानदार सगळं बोलत होता ते माझ्याकडे पाहून. मावशींच्या नातवासाठी घ्यायचंय का, असं त्याने मलाच विचारलं. आत्याने रजिस्टर काउंटरवर उघडून ठेवलं आणि म्हणाली, "माझ्यासाठी. इकडं बघून बोला." त्यानंतर तो बिचारा इकडेच बघून बोलला. त्याने रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे दाखवले, तेव्हा तिने विचारलं की मला यात ट्रक चालवायचा आहे की वरात काढायची आहे. खरी खडाजंगी झाली ती सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीवरून. साध्यातली घ्या आणि ग्राफिक्स कार्ड मोठं घ्या, सगळे तेच करतात, असं त्याचं म्हणणं. आत्याने ऐकलं नाही. लसीच्या फ्रीजजवळ तिची उमर गेली होती. आमच्याकडची वीज कशी येते, कशी जाते, आणि परत येताना कसा दणका देते, हे तिला त्या दुकानातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. "चित्र जरा कमी भारी दिसलं तर चालतंय," ती म्हणाली, "पर गाडी रस्त्यात बंद पडाया नाई पायजे." पेटी सगळ्यात चांगली घेतली, सोबत यूपीएस घेतला, कार्ड मधलं घेतलं. त्या पावसाळ्यात विजेच्या एका दणक्याने गल्लीतले टीव्ही जळाले. आत्याचा यूपीएस जरा पिपाणी वाजवून गप्प झाला, कॉम्प्युटर शाबूत राहिला.

जोडायचा दिवस रविवारचा ठरला. नायलॉनच्या साडीने अंगात वीज साठते आणि नाजूक भाग बिघडतात, असं तिने वाचलं होतं, म्हणून धुवट सुती साडी नेसून बसली. टेबलावर दवाखान्यातली रबरी चादर. स्क्रू ठेवायला किडनी ट्रे, म्हणजे नर्सेसचं ते राजम्याच्या दाण्याच्या आकाराचं स्टीलचं भांडं. बारीक वायरी जागच्या जागी बसवायला टाके घालतानाचा चिमटा. नवीन हत्यार तिने एकच घेतलं होतं, लोहचुंबकाच्या टोकाचा लांब स्क्रू-ड्रायव्हर. बाकी तिची हत्यारं तिच्याकडे होतीच. मी फक्त टॉर्च धरून उभी होते आणि तोही नीट धरत नाही म्हणून बोलणी खात होते.

चार तासांनी तिने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, आत्याने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. पाचच मिनिटांत सगळं आपोआप बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. तिने कॅबिनेटच्या आत हात धरून पाहिला आणि निदान सांगितलं, ताप आहे. शेवटी दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलं, प्रोसेसरवर जो पंखा बसतो त्याच्या खालच्या बाजूला करड्या रंगाचा लेप होता, तो आहे ना? उष्णता त्याच लेपातून वर जाते. लेप होता... पण बसवण्याआधी तिने तो स्पिरिटच्या बोळ्याने घासूनपुसून लख्ख केला होता. सदतीस वर्षांच्या नोकरीत पुसल्याशिवाय तिने कशावर काही टेकवलं नव्हतं. तिला वाटलं, कारखान्यातली घाण राहिली असेल. दुसऱ्या दिवशी एसटीने नांदेडला जाऊन त्या लेपाची बोटभर नळी घेऊन आली. रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं, "चूक माझी. लेप पुसू नये." खाली सहीसुद्धा केली.

त्यानंतर रोज सकाळी दहा ते बारा ही तिची ट्रकची वेळ. दवाखान्यात पेशंट तपासायच्या वेळेला म्हणतात तसं ती त्याला ओपीडी म्हणायची. ओपीडीच्या वेळेत कुणी आलं तर दारातल्या खुर्चीवर बसायचं, पाणी आपल्या हाताने घ्यायचं. यावरून नातेवाइकांत जी काही चर्चा झाली ती एखाद्या गुन्ह्यावर व्हावी तशी झाली. या वयात हे काय, लोक काय म्हणतील, त्यापेक्षा विहारात जाऊन बसावं. विहारात ती जायचीच. दर रविवारी तिथली झाडलोट तीच करायची, हे म्हणणाऱ्यांपैकी कितीजण करत होते ते मला विचारू नका. बाबा एकदा तिच्या घरी जाऊन खूप बोलले. मी तिथेच होते. तिने ट्रक कडेला घेतला, चष्मा काढला आणि म्हणाली, "सदतीस वर्षं लोकाच्या लेकरायला सुया टोचल्या. आता दोन घंटे कुणाचं काही करून नाई राह्यले, तर तुमाला काहून टोचतंय?" बाबा चहा न घेता निघून गेले. त्यानंतर त्या विषयावर दोघांमध्ये बोलणं नाही.

मला या सगळ्याचा राग येतो तो यासाठी. ती माणसांसाठी झिजली ते सगळ्यांना चाललं. त्या झिजण्याची भाषणं मंडपात पुरून उरली. उभ्या जन्मात तिने एक गोष्ट फक्त स्वतःला आवडते म्हणून केली, तर तीच नेमकी लपवायची. मेल्यावरही तिला स्वतःच्या आवडीची परवानगी नाही. माझ्या आत्याला कुणी त्यागी म्हटलं की मला तिचे स्टिअरिंगवरचे हात दिसतात, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेले, आणि त्या हातांत त्यागबिग काही नव्हतं. मजा होती.

त्या दिवशीची हकिकत शेजारच्या शोभाताईंकडून कळली. पावणेअकराला आत्याने त्यांना फोन केला, "शोभा, ये जरा. दार उघडंच हाय." शोभाताई कणकेच्या हातांनी धावल्या, तोवर सगळं संपलं होतं; डॉक्टरांनी नंतर हार्ट अटॅक सांगितला. आत्या खुर्चीत मागे टेकून बसलेली. मी पोचले ती दुपारी दोनला. कॉम्प्युटर तसाच चालू होता, बंद कसा करायचा ते कुणाला कळेना म्हणून कुणीतरी पडद्यावर टॉवेल टाकला होता. मी तो उचलला. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याचे चारही इंडिकेटर उघडझाप करत होते... मी ट्रक होता तिथे जतन केला आणि मशीन बंद केलं. बाहेर बाबा वंदनेची गोष्ट सांगत होते. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

मागच्या रविवारी बाबा आणि मी तिची खोली आवरायला गेलो. कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकू, नाहीतर सुटे भाग करून विकू, असं बाबांच्या डोक्यात होतं. दारात टेंपो उभाच होता. मी म्हटलं, आधी एकदा बघा, मग काय करायचं ते करा. त्यांना आत्याच्या खुर्चीत बसवलं. दहा वाजून गेले होते. किडनी ट्रेमध्ये एक उरलेला स्क्रू आणि चिमटा तसेच होते. मी बटण दाबलं. ट्रक तिने सोडला होता तिथेच, कडेला उभा. बाबांनी चष्मा लावून पडद्यावरचा डॅशबोर्ड पाहिला.

"हे लाल काय पेटलंय?"

"हँडब्रेक," मी म्हटलं, आणि इंडिकेटरचंही सांगून टाकलं.

तीस वर्षं जीप चालवलेला माणूस, त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला होता. "म्हंजे छातीत दुखून राह्यलं व्हतं," ते सावकाश म्हणाले, "तरी तिनं गाडी साईडला घेतली."

"व्हय."

"मंग फोन लावला."

"व्हय."

त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "मी शिकवाया पायजे व्हतं," एवढं म्हणाले.

तेवढ्यात विहारातल्या एक बाई भेटायला दारात आल्या. आमच्याकडे बघून हळहळल्या आणि म्हणाल्या, वंदना करता करता गेल्या सिस्टर, पुण्यवान होत्या. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी मान वळवली. हात स्टिअरिंगवरच होते.

"न्हाई बाई," बाबा म्हणाले. "अक्का ट्रक चालवून राह्यली व्हती. बसा तिथं, बारा वाजेस्तोवर ओपीडी हाय."