क्लेमकाका घरी आले

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागे हा किस्सा इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्येच सांगितला, तेव्हा शेजारच्या काकूंना हसताना ठसका लागला, आणि मग त्या रडायलाच लागल्या. तसलंच प्रकरण आहे हे!

मी नागपूरचा. समुद्र पाहिला तोच मुळी कॉलेजात गेल्यावर. आणि शिकायला निघालो काय, तर प्रवाळ! तेही सेंट क्रॉय नावाच्या बेटावर. समुद्र कॅरिबियन, राज्य अमेरिकेचं. डॉलर तोच, पोस्ट तेच. म्हटलं, यात नवीन काय शिकायचंय?

पहिल्याच दिवशी दुकानात विचारलं, "दूध कुठंय?" काउंटरवरची बाई म्हणाली, "गुड मॉर्निंग." मी पुन्हा, "दूध?" ती पुन्हा, "गुड मॉर्निंग." शेवटी मी "गुड मॉर्निंग" म्हटलं, तेव्हा कुठे दूध मिळालं.

"अरे, माणूस आधी, दूध नंतर," माझ्या घरमालकीण मिस अर्ना म्हणाल्या. आपण मावशी म्हणतो ना, तसं तिथे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात.

त्यांचे भाऊ क्लेम त्यांच्याकडेच राहायचे. मी त्यांना क्लेमकाका म्हणायचो. आता, बेटावर स्पॅनिश बोलणारे पुष्कळ. स्पॅनिशमध्ये 'काका' म्हणजे चक्क शी, हवं तर तुमच्या शाळेतल्या पोरांना विचारा! अख्खी गल्ली फिदीफिदी हसायची, पण काका मात्र "ओ" द्यायचे. रोज संध्याकाळी अंगणात डोमिनोज, तो ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ. ते सोंगटी टेबलावर आपटायचे ती अशी, की कोंबड्या पळायच्या. परक्या मुलखात मला कोणी हाक मारून जेवायला बसवलं असेल, तर त्यांनीच.

त्यांच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशनसाठी फ्लोरिडाला जायचं ठरलं. विमानतळावर मीच सोडलं. म्हणाले, "मी येईपर्यंत प्रॅक्टिस कर. फारच भिकार खेळतोस."

मग मी आमच्या टीमबरोबर दुसऱ्या बेटावर गेलो, प्रवाळांच्या पाहणीला. फोन पहिल्याच दिवशी समुद्राला अर्पण! दोन-अडीच आठवडे जगाशी संबंध नाही.

शनिवारी दुपारी परतलो, तर गल्लीत ही गर्दी! ट्रम्पेट वाजतंय, ढोल वाजतोय. मोठमोठ्या भांड्यांत मासे, भात, तळलेली केळी. सगळ्यांच्या अंगात पिवळेधमक टी-शर्ट आणि त्यावर क्लेमकाकांचा हसरा फोटो! खाली लिहिलेलं, 'होमगोइंग सेलिब्रेशन'.

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं? आपल्याकडे माणूस गेला, तर पांढरे कपडे, घरात चूल बंद, आवाज खाली. इथे बँड! मी सरळ निष्कर्ष काढला, ऑपरेशन झालं, काका घरी येतायत!

"गुड आफ्टरनून! कुठायत काका?" मी ओरडलो.

"निघालेत. येतीलच आता," एकजण म्हणाला आणि त्याने मलाही एक टी-शर्ट दिला. मी घातला.

मिस अर्ना खुर्चीत बसल्या होत्या. डोळे सुजलेले. मला वाटलं, आनंदाश्रू! त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आलास? त्याचा फार जीव होता तुझ्यावर. दोन शब्द बोल ना."

होता! 'होता' म्हणाल्या! पण ढोलाच्या आवाजात व्याकरण कोण ऐकतो?

मी चढलो पायरीवर. ट्रम्पेट थांबलं.

"आज क्लेमकाका घरी येतायत!"

"आमेन!" लोक म्हणाले.

मला चेव आला. "आता दुखणं नाही, औषधं नाहीत!"

"आमेन! आमेन!"

"आता त्यांना कसलीच भीती नाही!"

एक बाई हात वर करून हुंदके द्यायला लागली. म्हटलं, काय बोलतोय यार मी! अशी दाद मला जन्मात मिळाली नव्हती. मग सुटलोच.

"डॉक्टरांनी कमाल केली! टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी!"

एकही टाळी नाही.

"आणि काका, आज डोमिनोजला बसायचं! दमलो-बिमलो चालणार नाही!"

एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली. लांबलचक, काळी, चकचकीत. म्हटलं, वा! लिमोझिन केली काकांसाठी!

मी धावलो. सगळ्यांच्या आधी! पुढचं दार स्वतःच्या हाताने उघडलं. "वेलकम होम, काका!"

आत काळ्या सुटातला ड्रायव्हर. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "गुड आफ्टरनून. ते मागे आहेत."

मी मागे गेलो.

काच होती. काचेतून लाकडी पेटी दिसत होती, आणि पेटीवर पिवळी फुलं.

चर्चला जाण्याआधी गाडी घडीभर माणसाच्या दारात उभी करतात, त्याचा उंबरा त्याला शेवटचा दाखवायला. आणि होमगोइंग म्हणजे देवाघरी जाणं, अंत्ययात्रा, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की काका गेले. मी तिथेच रस्त्यात बसलो, अंगात त्यांच्या फोटोचा टी-शर्ट, आणि लहान पोरासारखा रडलो. ऑपरेशन टेबलावरच गेले होते ते. आणि मी डॉक्टरांसाठी टाळ्या मागितल्या होत्या!

मिस अर्ना काठी टेकत आल्या. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना उमगलं. "तुला... तुला माहीतच नव्हतं?"

मी मान हलवली.

मग त्यांच्या तोंडून हसूच फुटलं. "अरे देवा! क्लेमने हे ऐकलं असतं, तर हसून हसून मेला असता!"

बोलून गेल्या, आणि आम्ही दोघंही गाडीला धरून कितीतरी वेळ हसलो की रडलो, ते आजही मला सांगता येणार नाही.

इथवर ठीक होतं. पण खरं काय घडलं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं ना! बाकी गावाला वाटलं, काय भाषण केलं पोराने! मेलेल्या माणसाशी जिवंत असल्यासारखं बोलला! गावभर बोभाटा झाला.

काही दिवसांनी बाजारात ते टोपीवाले म्हातारे भेटले. चांगले हडकले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, डॉक्टरांनी माझी आशा सोडलीय. माझ्या होमगोइंगला तूच बोलायचंस. येशील?"

आणि मी काय म्हणावं? मोठ्या माणसाने बोलावलं, आपण हो म्हणतो. अगदी अदबीने, तोंडभर हसून विचारलं,

"अहो, नक्की येतो! कधी ठरलंय?"